'अनलिमिटेड' डेटा फोनपुरताच? हॉटस्पॉटवर लागणारी कात्री

मुठेकाठी (धागालेखिका)

नमस्कार मंडळी,

मी धायरीला राहते आणि घरूनच छोट्या दुकानदारांची जीएसटीची कामं करते. गेल्या महिन्यात २० तारीख नेमकी गुरुवारी आली. गुरुवार म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. महावितरणची दुरुस्ती सुरू, सकाळपासून वीज नाही. त्यात आमच्या गल्लीत रस्ता खणून ठेवलेला आणि त्या खोदकामात ब्रॉडबँडची केबल आदल्याच दिवशी तुटलेली. '३बी' हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरायचा शेवटचा दिवस आणि अकरा जणांची रिटर्न बाकी.

तरी मी निवांत होते. लॅपटॉप चार्ज होता आणि फोनवर 'अनलिमिटेड ५जी'चा प्लॅन होता. हॉटस्पॉट सुरू केला, लॅपटॉप जोडला, कामाला लागले. सव्वाअकराला मेसेज आला: आजच्या कोट्यातला ५० टक्के डेटा संपला. बाराच्या आत ९० टक्के, मग १००. त्यानंतर वेग ६४ केबीपीएस. पोर्टलचं लॉगिनचं पानसुद्धा उघडेना. ओटीपी यायचा, पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपायची.

कस्टमर केअरला फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, अनलिमिटेड ५जी हँडसेटवर वापरण्यासाठी आहे. हॉटस्पॉटचा वापर तुमच्या रोजच्या दोन जीबीतून वजा होतो." मी विचारलं, रिचार्ज करताना हे कुठे लिहिलं होतं? "अटी आणि शर्तींमध्ये आहे, मॅडम."

शेवटी लॅपटॉप उचलून माणिकबागेत मावसबहिणीकडे गेले. सात रिटर्न रात्री बारापूर्वी गेली, चार राहिली. प्रत्येकी ५० रुपये विलंब शुल्क मी माझ्या खिशातून भरलं. दोनशे रुपयांनी काही बिघडलं नाही. पण दहा वर्षं माझ्यावर विसंबलेल्या चार माणसांना फोन करून "तुमचं राहिलं" असं सांगावं लागलं, ते मला फार लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. महावितरणचं मीटर युनिट मोजतं. ते युनिट पंख्यानं खाल्लं की मिक्सरनं, हे विचारत नाही. मग मी पैसे मोजून घेतलेला डेटा फोनच्या पडद्यावर वापरायचा की लॅपटॉपच्या, हे कंपनीनं का ठरवावं? आणि ठरवायचंच असेल तर पैसे घेण्याआधी मोठ्या अक्षरांत का सांगू नये?

कुणाला असा अनुभव आहे का? तांत्रिक आणि कायदेशीर बाजू माहीत असणाऱ्यांनी जरूर लिहावं.

---

एरंडवणे_आजी

तुझी तगमग समजली गं. मला एक सांगा कुणीतरी, नातू सारखं 'टेदरिंग' म्हणतो ते आणि हॉटस्पॉट एकच का? आणि आपण फोनवरून लॅपटॉप जोडलाय हे त्या कंपनीला तिकडे बसून कळतं कसं? घर आपलं, फोन आपला.

---

हिंजवडी_फेज३

आजी, टेदर म्हणजे दावं. जनावर खुंट्याला बांधतात ते. फोनच्या इंटरनेटला दुसरं यंत्र बांधायचं, मग ते केबलनं असो, ब्लूटूथनं असो की वायफायनं. वायफायनं बांधलं की त्याला आपण हॉटस्पॉट म्हणतो.

कंपनीला कसं कळतं, याचे तीन-चार मार्ग आहेत. सगळ्यांत सोपा सांगतो. इंटरनेटवरून जाणाऱ्या डेटाची छोटी छोटी पाकिटं होतात आणि प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्यावर आला की पाकीट टाकून देतात, म्हणजे वाट चुकलेली पाकिटं जाळ्यात कायमची फिरत राहत नाहीत. अँड्रॉइड असो की आयफोन, स्वतःच्या पाकिटावर ६४ लिहून पाठवतो. विंडोजचा लॅपटॉप १२८ लिहितो. हॉटस्पॉट सुरू केला की फोनच राउटर होतो, त्यामुळे लॅपटॉपचं पाकीट फोनमधून जाताना १२७ होतं. फोनला फोन जोडला असेल तर ६३. कंपनीच्या यंत्रणेला ६४ ऐवजी ६३ किंवा १२७ दिसला की मागे आणखी एक यंत्र आहे हे उघड होतं. त्यासाठी पाकीट फोडून आत काय आहे ते वाचावंही लागत नाही.

दुसरा मार्ग एपीएनचा, म्हणजे फोननं कंपनीच्या जाळ्यात शिरायच्या दाराचा. काही कंपन्या हॉटस्पॉटसाठी 'डन' प्रकारचा वेगळा एपीएन ठेवतात. हॉटस्पॉटचं बटण दाबलं की फोन स्वतःच त्या वेगळ्या दारातून जातो, म्हणजे हिशेब आपोआप वेगळा. तिसरा मार्ग परवानगीचा. बटण दाबलं की फोन आधी कंपनीला विचारतो, 'या ग्राहकाला चालेल का?' परदेशातल्या काही आयफोनवर पर्सनल हॉटस्पॉट सुरू करायला गेलं की कंपनीशी संपर्क साधा असा निरोप येतो, तो यामुळेच. फोन आपण विकत घेतलेला असतो, पण त्यातलं हे बटण कंपनीच्या सांगण्यावरून चालतं. मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यांत जास्त खटकते.

मुठेकाठी ताई, एक शंका मात्र तपासून बघा. त्या वेळी फोन खरोखर ५जीवर होता का? अनलिमिटेड डेटा फक्त ५जीवर असतो. घराच्या आतल्या खोलीत फोन गुपचूप ४जीवर उतरतो आणि ४जीचा वापर कोट्यातूनच जातो, मग तो हॉटस्पॉटवर असो वा नसो. कस्टमर केअरवरच्या मुलानं समोरचं ठरावीक उत्तर वाचून दाखवलं असेल आणि खरं कारण हे असेल, असंही होऊ शकतं.

अशी चाचणी करा. खिडकीत बसा, वर ५जीची खूण आहे ना ते बघा. कंपनीच्या अ‍ॅपमधला शिल्लक कोटा बघून स्क्रीनशॉट घ्या. अर्धा तास फोनवरच व्हिडिओ बघा, पुन्हा स्क्रीनशॉट. मग त्याच जागेवरून, खूण तीच असताना, अर्धा तास हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवा आणि तिसरा स्क्रीनशॉट घ्या. अ‍ॅपमधला आकडा कधी कधी उशिरा बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी थोडं थांबून घ्या.

आणि लॅपटॉपवर त्या हॉटस्पॉटचं कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा, म्हणजे इथे डेटा मोजून वापरायचा हे त्याला कळतं. जीएसटीचं पोर्टल दोन तासांत दोन जीबी खात नाही. माझी खात्री आहे की विंडोजचं अपडेट किंवा क्लाउडचा बॅकअप मागे चालू होता. अर्थात त्यानं तुमचा मूळ मुद्दा खोटा ठरत नाही.

---

टॉवरवाला

मी आरएफ (रेडिओ लहरींचा) इंजिनिअर म्हणून मोबाइल जाळ्यात २० वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. कंपन्यांचा वकील म्हणून लिहीत नाही, पण दुसरी बाजू मांडणं मला गरजेचं वाटतं.

टॉवरच्या एका सेक्टरची क्षमता ठरलेली असते आणि ती त्या भागातल्या सगळ्यांत वाटली जाते. फोनच्या पडद्यावर एक माणूस बघून बघून किती बघणार? त्याला झोप येते, बॅटरी संपते, व्हिडिओही छोट्या पडद्यापुरताच येतो. 'अनलिमिटेड'चा सगळा हिशेब या अंदाजावर बेतलेला असतो. तोच फोन वायफायचा डबा झाला की त्यामागे टीव्ही, दोन लॅपटॉप आणि सीसीटीव्ही कॅमेरे बसतात. मग त्याच सेक्टरमधल्या शेजाऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकतो आणि तो शेजारीही पैसे भरणारा ग्राहकच असतो.

आणि ताई, तुमचं विजेचं उदाहरण पुरतं लागू होत नाही. महावितरण घरगुती आणि व्यावसायिक वापराला वेगवेगळा दर लावतंच.

एक जुनी आठवण. २००८-१० च्या सुमारास आपल्याकडेही दोन दारं होती. व्होडाफोनचे 'पोर्टलएनएमएमएस' आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असे दोन एपीएन ज्यांनी हातानं भरले असतील त्यांना आठवेल. एअरटेलचं 'लाइव्ह' वेगळं आणि 'मोबाइल ऑफिस' वेगळं. फोनवर बघायचं दार निराळं, संगणक जोडायचं निराळं, पॅकही निराळे. पुढे जीबी मोजून विकायला लागल्यावर हा भेद आपोआप गळून पडला. मोजून दिलेला माल ग्राहकानं कुठंही वापरावा, त्यात कंपनीचं काय जातं? अनलिमिटेड आलं आणि भेद पुन्हा डोकं वर काढू लागला.

---

मुठेकाठी

टॉवरवाला काका, विजेबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण तो वेगळा दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानं ठरतो, छापून जाहीर होतो आणि बिलावर स्पष्ट लिहिलेला असतो. वीज वापरून झाल्यावर फोन केला की मग कळतं, असं होत नाही.

शेजाऱ्याचा कॉल अडकू नये हे मलाही मान्य. मग महिन्याला अमुक इतके जीबी, अशी मर्यादा घाला आणि ती ठळक सांगा. मर्यादेला माझी हरकत नाहीच. मी त्याच पडद्यावर चार तास मालिका बघितली तर चालते आणि लॅपटॉपवर दोन तास पोटापाण्याचं काम केलं तर चालत नाही, याला माझी हरकत आहे. टॉवरला दोन्ही सारखंच ना?

हिंजवडी_फेज३, चाचणी रविवारी करते आणि इथे लिहिते.

---

परतलेला_पुणेकर

मी अमेरिकेत बरीच वर्षं होतो. हा वाद तिथे आपल्या आधी होऊन गेलाय आणि त्यातून शिकण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जून २०१० मध्ये एटी अँड टी या मोबाइल कंपनीनं आयफोनवर टेदरिंग सुरू केलं. महिना २ जीबीचा प्लॅन २५ डॉलरचा. टेदरिंग हवं तर वर आणखी २० डॉलर. आणि त्या २० डॉलरांत एक एमबीसुद्धा जास्त मिळत नव्हता! तेच २ जीबी, फक्त लॅपटॉपवर वापरायची मुभा. काका म्हणतात तो टॉवरवरच्या ताणाचा मुद्दा इथे लागूच होत नाही, कारण डेटा मोजलेलाच होता. कंपनीच्या हातात बटण होतं, म्हणून त्या बटणाचे पैसे घेतले.

व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीचंही असंच २० डॉलरचं शुल्क होतं. ते चुकवायला लोक अँड्रॉइडवर टेदरिंगची अ‍ॅप घ्यायचे, तर कंपनीनं गुगलला सांगून ती अ‍ॅप आपल्या ग्राहकांना गुगलच्या ऑनलाइन दुकानात मिळणार नाहीत अशी व्यवस्था केली. तिथे कंपनी अडकली. २००८ च्या स्पेक्ट्रमच्या (रेडिओ लहरींच्या) लिलावात तिनं ७०० मेगाहर्ट्झमधला 'सी ब्लॉक' घेतला होता आणि त्या स्पेक्ट्रमला अटच होती की ग्राहकाला त्याच्या पसंतीचं उपकरण आणि अ‍ॅप वापरण्यापासून अडवायचं नाही. फ्री प्रेस या संस्थेनं तक्रार केली. जुलै २०१२ मध्ये व्हेरायझननं साडेबारा लाख डॉलर भरून एफसीसीशी, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाशी, प्रकरण मिटवलं आणि मोजलेल्या डेटाच्या ग्राहकांना ही अ‍ॅप मोकळी केली. पण जुन्या अनलिमिटेड प्लॅनवाल्यांकडून टेदरिंगचे पैसे घेण्याची वाट तिनं तेव्हाही राखून ठेवली. काकांनी मांडलेला भेद तिथेही तसाच उभा राहिला होता.

मग ऑगस्ट २०१५. टी-मोबाइलचे प्रमुख जॉन लेजर यांनी जाहीरपणे सांगितलं की सुमारे ३,००० ग्राहक हॉटस्पॉटची मर्यादा चुकवून प्रचंड डेटा ओढतायत आणि कंपनी त्यांच्यावर कारवाई करणार. त्या अनलिमिटेड प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला वेगळी ७ जीबीची मर्यादा होती. ती मर्यादा पटो न पटो, निदान आकडा सांगितलेला होता. ताईंना तर आकडासुद्धा कुणी सांगितला नाही.

---

कॉटबेसिस

मी नवी पेठेत राहतो. मूळचा परभणीचा, राज्यसेवेची तयारी करतो. एका खोलीत आम्ही पाच जण. रूमवर वायफाय नाही आणि मालक केबल ओढू देत नाहीत. अभ्यासिकेत वायफाय आहे, पण एवढ्या मुलांमध्ये ते चालत नाही. आमच्यात ५जी फोन एकाकडेच आहे. जुलै २०२४ मध्ये दर वाढले आणि अनलिमिटेड ५जी रोज २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवरच राहिलं. तेव्हापासून आम्ही पाच जण मिळून त्याच्या रिचार्जचे पैसे भरतो आणि रात्री त्याच्या हॉटस्पॉटवर लेक्चर बघतो.

टॉवरवाला सर, तुम्ही म्हणाल की एका सिमवर पाच जण, हेच तर कंपनीला नको असतं. मला ते कळतं. पण आमच्या बाजूनं बघा. प्रत्येकानं ५जी फोन घ्यायचा आणि प्रत्येकानं मोठा रिचार्ज मारायचा, तर मेसचे पैसे निघत नाहीत. पुस्तक एक आणून पाच जण वाचतो, तसंच हे. आम्ही चोरी करत नाही.

---

टॉवरवाला

बाळा, चोरी कुणीच म्हणत नाहीये, आणि मी तर नाहीच. तुझा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ विचार केला.

नोकरीत असताना मी उघडपणे बोललो नसतो अशी एक गोष्ट लिहितो. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओनं एअरफायबर आणलं. त्याच्या थोडं आधी एअरटेलनंही तसंच काही आणलं होतं. म्हणजे काय, तर त्याच ५जी टॉवरवरून घरातल्या डब्यात इंटरनेट येतं आणि डब्यातून वायफायनं घरभर. सुरुवातीचा प्लॅन ५९९ रुपये अधिक जीएसटी, वेग ३० एमबीपीएस, महिन्याला १००० जीबीची मर्यादा. जिओ त्यासाठी जाळ्याचा एक भाग वेगळा राखते, हे खरं. पण शेवटी हवा तीच, टॉवर तोच. फोनच्या हॉटस्पॉटनं टॉवर कोलमडतो आणि एअरफायबरच्या डब्यानं कोलमडत नाही, असं मला इंजिनिअर म्हणून छातीठोकपणे सांगता येणार नाही. फोनमधला फुकटचा हॉटस्पॉट मोकळा ठेवला तर डबा कोण विकत घेईल, हा विचार कंपनीत होत नसेल असं मी मानत नाही.

मर्यादा असावी या मताला मी अजूनही धरून आहे. ती जीबीत असावी, यंत्रात नसावी, हे ताईंचं म्हणणं मात्र मला आता पटतंय.

---

वेल्ह्याचा

आमच्याकडे गावात ५जी नाहीच, त्यामुळे अनलिमिटेडचा प्रश्न येत नाही. फोन माडीच्या खिडकीत ठेवला तरच रेंज येते. फोन खिडकीत आणि पोरं खाली अंगणात हॉटस्पॉटवर. हॉटस्पॉट बंद केला तर आमच्याकडे इंटरनेटच बंद, कारण रेंज फक्त त्या खिडकीपुरती आहे. शहरात बसून अटी लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात येत नसावं. एवढंच लिहायचं होतं.

---

कलम_आणि_कागद

मी वकिली करते. 'हे तर २०१६ मध्येच बंद झालं' असं मला दोघांनी संदेश पाठवून कळवलं, म्हणून आधी ते स्पष्ट करते.

८ फेब्रुवारी २०१६ चा ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) विनियम डेटाच्या भेदभावी दरांबद्दल आहे, पण तो *मजकुरावरून* केलेल्या भेदभावाला मनाई करतो. अमुक वेबसाइट फुकट, तमुक महाग, असं चालणार नाही. फोन की लॅपटॉप, हा भेद त्यात थेट येत नाही. त्यामुळे तक्रारीत फक्त त्याचा आधार घेतलात तर कंपनीचा माणूस एका ओळीत तुमचा अर्ज निकालात काढेल.

आपल्या उपयोगाचा कागद दुसरा आहे. २८ नोव्हेंबर २०१७ ला ट्रायनं नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेटवर कुणाशी भेदभाव नको या तत्त्वावर, शिफारशी दिल्या. दूरसंचार विभागानं ३१ जुलै २०१८ ला ती चौकट स्वीकारली. त्या शिफारशींत म्हटलंय की इंटरनेट सेवा देणाऱ्यानं मजकुराला भेदभावाची वागणूक देऊ नये आणि त्यात पाठवणारा कोण, घेणारा कोण, प्रोटोकॉल कोणता यांच्या जोडीला *वापरकर्त्याचं उपकरण* या आधारावरचा भेदभावही स्पष्टपणे आलाय. अडवणं आणि वेग कमी करणं दोन्ही भेदभावात मोडतात. वाहतूक व्यवस्थापनाला सूट आहे, पण ते प्रमाणात, तात्पुरतं आणि पारदर्शक असलं पाहिजे. संध्याकाळी गर्दीच्या वेळी सगळ्यांचाच वेग थोडा उतरवला, तर ते व्यवस्थापन. चोवीस तास, बारा महिने फक्त हॉटस्पॉटला कात्री, याला तात्पुरतं कसं म्हणणार?

कंपनीचा प्रतिवादही सांगून ठेवते, कारण तो येणारच: 'आम्ही अडवलेलं नाही, फक्त अनलिमिटेडची सवलत हँडसेटपुरती दिली आहे, हॉटस्पॉट कोट्यातून चालतोच.' हा अगदीच पोकळ युक्तिवाद नाही. पण युरोपात जवळजवळ याच मुद्द्यावर निकाल लागलाय. जर्मनीत व्होडाफोनच्या 'पास' योजनेत ठरावीक अ‍ॅपचा डेटा मोजला जात नसे, मात्र तोच वापर टेदरिंगवरून केला की मोजला जाई. युरोपीय न्यायालयानं २ सप्टेंबर २०२१ ला सांगितलं की टेदरिंगवरची अशी मर्यादा त्यांच्या २०१५ च्या खुल्या इंटरनेटच्या नियमांशी विसंगत आहे. त्या नियमांत पसंतीचं उपकरण वापरण्याचा हक्क शब्दांत लिहिलेला आहे. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण युक्तिवाद म्हणून वजनदार आहे.

---

मुठेकाठी

कलम ताई, मनापासून आभार.

चाचणी केली. खिडकीत बसून, ५जीची खूण सतत दिसत असताना. अर्धा तास फोनवर व्हिडिओ बघितला: कोटा जसाच्या तसा. त्याच जागी अर्धा तास हॉटस्पॉटवर तोच व्हिडिओ लॅपटॉपवर लावला: कोट्यातून ७०० एमबीच्या आसपास गेले. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून पुन्हा केलं, फरक तोच. म्हणजे ४जीवर उतरण्याची शंका निदान माझ्या बाबतीत निकाली निघाली. आणि हो, लॅपटॉपमध्ये बघितलं तर त्या गुरुवारी विंडोजचं मोठं अपडेट उतरलं होतं. तेवढी चूक माझी. आता मीटर्ड करून ठेवलंय.

माझ्या भावाकडे दुसऱ्या कंपनीचं सिम आहे. त्याच्याकडे हॉटस्पॉटवर कोटा हललाच नाही. म्हणजे असं करणं सगळ्यांनाच भाग आहे, असंही नाही.

---

कॉटबेसिस

आमच्यातला एक जण म्हणतो की टीटीएलचा आकडा बदलून ६५ केला की फोनमधून जाताना ६४ होतो आणि कंपनीला कळत नाही. व्हीपीएन (डेटा झाकून नेणारी सोय) लावला तरी चालतं म्हणे. करावं का?

---

हिंजवडी_फेज३

व्हीपीएनचा गैरसमज आधी काढतो. फोनवर व्हीपीएन लावला तरी बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटचा डेटा त्यातून जात नाही, तो बाहेरूनच जातो. लॅपटॉपवर लावलात तर आतला मजकूर झाकला जातो, पण पाकिटावरचा टीटीएल तसाच दिसतो.

टीटीएल बदलता येतो, हे खरं. पण मी करू नका म्हणेन. अट मोडली म्हणून सिम बंद झालं तर परीक्षेच्या तोंडावर पाचही जण अडकाल, आणि तेव्हा तुमची बाजू कमजोर असेल. शिवाय एक गोष्ट मला मनापासून वाटते. आपण चोरवाट काढली की आपल्यापुरता प्रश्न संपतो आणि नियम तसाच राहतो. ताईंसारख्या माणसाला चोरवाट माहीत नसते, भुर्दंड तिला पडतो. तुम्हीही चाचणी करा, स्क्रीनशॉट घ्या आणि तक्रार करा. पाच जणांच्या पाच तक्रारी झाल्या तर उत्तमच.

---

एरंडवणे_आजी

मुलांनो, नवी पेठेतून एरंडवणे लांब नाही. माझ्याकडे वायफाय आहे आणि पुढची खोली दिवसभर रिकामी असते. संपादकांकडून माझा ईमेल घ्या आणि या. संकोच करू नका.

---

कलम_आणि_कागद

आता तक्रारीचा रस्ता. पुष्कळ जण थेट ट्रायला ईमेल करतात आणि महिनाभर वाट बघतात. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करा. त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्रायच्या २०१२ च्या विनियमात हे आहे.

तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतच नाहीत, असं कंपन्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ते अमान्य केलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो.

मुठेकाठी ताई, तुमच्या अर्जात हॉटस्पॉटच्या हक्काचा मुद्दा दुसरा ठेवा. पहिला मुद्दा असा: पैसे घेण्याआधी ही मर्यादा मला ठळकपणे सांगितली नाही, ही ग्राहकाची दिशाभूल आहे. हा सिद्ध करायला सोपा आहे.

---

मुठेकाठी

उशिरा लिहितेय, मध्ये पुन्हा २० तारीख आली होती. या वेळी सगळी रिटर्न १७ लाच भरली.

तक्रारीवर दोन दिवसांत 'निराकरण झाले' असा मेसेज आला. निराकरण म्हणजे काय, तर अटींच्या पानाची लिंक. ते पान शेवटपर्यंत वाचलं. बारीक अक्षरांत, बऱ्याच खाली 'हँडसेटवरील वापरासाठी' एवढे शब्द आहेत. हॉटस्पॉट किंवा टेदरिंग हा शब्द कुठेही नाही. रिचार्जच्या पानावर तर काहीच नाही. अपील केलं. त्यावर एका बाईंचा फोन आला, अगदी सौजन्यानं बोलल्या आणि 'सदिच्छा म्हणून' काही जीबी जादा डेटा देऊ केला. मी नको म्हटलं. मला डेटा नकोय, रिचार्जच्या पानावर एक ओळ हवी आहे. हेच लेखी कळवा म्हटलं तर थांबल्या. लेखी उत्तर अजून आलेलं नाही, ३९ पैकी २२ दिवस झालेत.

टॉवरवाला काकांनी फोनवर तासभर बसून माझ्या अर्जातला तांत्रिक परिच्छेद दुरुस्त करून दिला. टॉवरवर पडणारा ताण यंत्रावर नव्हे तर डेटाच्या प्रमाणावर ठरतो, हे त्यांनी इतक्या सोप्या मराठीत लिहिलंय की आयोगातल्या कुणालाही कळावं. तो परिच्छेद आणि अर्जाचा नमुना संपादकांकडे दिलाय, ज्यांना हवा त्यांनी मागून घ्या.

---

कॉटबेसिस

ताई, आमच्या पाचपैकी तिघांनी आजींच्या पुढच्या खोलीत बसूनच तक्रारी नोंदवल्या. दोघांना डॉकेट नंबर मिळाले, तिसऱ्याचा फोन मध्येच कट झाला. तो उद्या पुन्हा करणार आहे.

---

कलम_आणि_कागद

तिसऱ्याला सांगा, फोन करण्यापेक्षा ईमेलनं नोंदव, नंबर लेखी येतो. आणि सगळ्यांनीच रिचार्जच्या पानाचा आजच्या तारखेचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. त्यात तारीख, प्लॅनची रक्कम आणि 'अनलिमिटेड' हा शब्द तिन्ही एकत्र दिसले पाहिजेत. ते पान उद्या बदललं, तर आज तिथे काय नव्हतं हे दाखवायला दुसरा पुरावा राहणार नाही.